तिकिटावर २६०२ साल?

प्रश्न : आजोबा सिंगापूरला नोकरीला होते. त्यांच्या पेटीतल्या एका टपाल तिकिटावर इंग्लंडच्या राजाच्या चित्रावरच ‘दाई निप्पॉन २६०२ मलाया’ असं रोमन लिपीत छापलंय. हे साल कुठलं? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : जपानी. त्यातून ६६० वजा करा, १९४२ येईल. त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं आणि जपान्यांनी ब्रिटिशांच्या तिकिटांचा उरलेला साठा आपला छाप मारून वापरला. ‘दाई निप्पॉन’ म्हणजे महान जपान. असं तिकीट लावलेलं पत्राचं पाकीट सापडलं तर तिकीट सोडवू नका हो! पाकिटावर सेन्सॉरचा, म्हणजे युद्धकाळात पत्रं तपासणाऱ्यांचा, शिक्का असेल, तर खरी गंमत त्यातच. आता भिंग घ्या. टपालाच्या शिक्क्याची शाई जपानी छापावर चढलेली हवी. छापाखाली दबलेली दिसली, तर छाप नंतर कुणीतरी मारलाय. अशी दोन माझ्याकडेही आहेत, चांगले पैसे मोजून घेतलेली.