लॉर्ड ऑखिनलेक उमराव होते का?

प्रश्न असा आहे: चरित्रकार जेम्स बॉझवेलचे वडील ‘लॉर्ड ऑखिनलेक’, जेम्स स्वतः बिनउपाधीचा आणि त्याचा मुलगा ‘सर’, हे कसं? मराठीत वडिलांना ‘उमराव’ म्हणावं का?

उमराव नको. लॉर्ड म्हटलं की आपल्याला डलहौसी नाहीतर कर्झन आठवतो, म्हणून घोटाळा होतो. अलेक्झांडर बॉझवेल (१७०७–१७८२) यांची उपाधी हुद्द्याची होती. एडिनबर्गचं ‘कोर्ट ऑफ सेशन’, म्हणजे स्कॉटलंडचं सर्वोच्च दिवाणी न्यायालय, १५३२ साली स्थापन झालं. तिथल्या न्यायाधीशाला नेमणुकीबरोबर ‘लॉर्ड’ लावता येतं. पुढे कुणी आडनाव जोडतो, कुणी आपल्या जमिनीचं नाव. १७५४ साली न्यायाधीश झाल्यावर अलेक्झांडर यांनी एअरशरमधल्या आपल्या इस्टेटीचं नाव घेतलं. म्हणून बापलेकांची आडनावंच वेगळी वाटतात. ही उपाधी वारसाला मिळत नाही. न्यायाधीशांच्या पत्नींना तर ‘लेडी’ म्हणवण्याचा अधिकृत हक्क थेट १९०५ साली मिळाला.

वडील वारल्यावर थोरला म्हणून जेम्स ऑखिनलेकचा ‘लेअर्ड’ झाला. लेअर्ड हा स्कॉट्स भाषेतला शब्द, अर्थ जमीनमालक. गंमत म्हणजे लॉर्ड आणि लेअर्ड मुळात एकच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘पाव राखणारा’, म्हणजे जवळजवळ आपला पोशिंदाच. वडील दोन्ही होते, मुलाकडे एकच आलं.

तसं या दोघांचं फारसं पटतही नसे. जेम्स वकील झाला, पण त्याचा जीव लंडनमध्ये. २५ नोव्हेंबर १७६९ला त्याचं लग्न झालं आणि विधुर वडिलांनी नेमक्या त्याच दिवशी नात्यातल्या एलिझाबेथ बॉझवेलशी दुसरं लग्न केलं! योगायोग म्हणणं मला तरी जड जातं.

नातू अलेक्झांडरचं ‘सर’ निराळं. १८२१ साली तो बॅरोनेट झाला, म्हणजे नावाआधी ‘सर’ लावायचा मान मिळाला. ही उपाधी मात्र वंशपरंपरेने चालते. पुढच्याच वर्षी तो द्वंद्वयुद्धात मारला गेला आणि ती त्याच्या मुलाकडे गेली.

तेव्हा अनुवादात पहिल्या उल्लेखाला ‘न्यायमूर्ती अलेक्झांडर बॉझवेल (लॉर्ड ऑखिनलेक)’ लिहा, पुढे नुसतं ‘लॉर्ड ऑखिनलेक’ चालेल. ‘लॉर्ड बॉझवेल’ मात्र लिहू नका. त्यांनी ते नाव घेतलंच नव्हतं.