टकटक वाजणारी हार्ड डिस्क आणि जुन्या बॅकअप टेप : माहिती परत मिळू शकते का?

तुमच्या पतसंस्थेच्या संगणकातील एक टेराबाइटची डिस्क चार दिवसांपासून टकटक आवाज करते आहे, ती कधी दिसते तर कधी दिसत नाही आणि २००४ ते २००६ या काळातील नोंदी फक्त डीडीएस टेपवर (बॅकअपसाठी वापरल्या जाणाऱ्या छोट्या चुंबकीय फितीच्या कार्ट्रिजवर) असून त्या वाचणारा ड्राइव्ह आता संस्थेकडे नाही, असे तुम्ही लिहिले आहे. दुकानदाराने दिलेले रिकव्हरी सॉफ्टवेअर रात्रभर चालवून पाहावे का, हा तुमचा प्रश्न आहे. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि हे वाचत असताना डिस्क जोडलेली असेल, तर आधी ती बंद करावी. पुण्यात हेच काम करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. डिस्क मुळात बिघडते त्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा बिघडल्यानंतरच्या दोन दिवसांत तिच्यावर जे प्रयोग होतात त्यांनी होणारे नुकसान मोठे असते, असेच मी बहुतेक वेळा पाहत आलो आहे.

हार्ड डिस्कमधील चकती, म्हणजे प्लॅटर, मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारे हेड तिच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. आपण चकतीवर नेमके कुठे आहोत हे हेडला सांगणाऱ्या, कारखान्यातच लिहिलेल्या सर्वो खुणा त्याला सापडल्या नाहीत, की ते मागे येते आणि पुन्हा प्रयत्न करते. तुम्हाला ऐकू येणारी टकटक ही बहुधा त्या येरझाऱ्यांची आहे. हेड वाकडे झालेले असेल, तर यातल्या कोणत्याही फेरीत ते चकतीवर घासू शकते. सॉफ्टवेअरला यातले काहीच कळत नाही, कारण डिस्क जे वाचून देईल तेवढेच ते पाहू शकते, आणि काही मिळाले नाही तर पुन्हा पुन्हा मागत राहते. विंडोजची चेकडिस्क ही डिस्क तपासण्याची सोय तर त्याहून घातक आहे, कारण ती आजारी डिस्कवर दुरुस्ती ‘लिहिते’ आणि ज्या फाइलींचा माग तिला लागत नाही, त्यांच्या नोंदी खुशाल काढून टाकते.

ही चूक मी स्वतः केली आहे. धंद्याच्या सुरुवातीला एका छायाचित्रकाराची लॅपटॉपमधली डिस्क मी रात्रभर स्कॅनला लावून घरी गेलो. सकाळी दुकान उघडले तेव्हा सॅंडपेपर घासल्यासारखा आवाज येत होता. झाकण काढल्यावर दिसले, की चकतीवर बोटभर रुंदीचे एक कडे उमटले होते, तेवढ्या भागातला चुंबकीय थर पूर्ण खरवडला गेल्यामुळे काचेतून आरपार दिसत होते (लॅपटॉपच्या डिस्कमध्ये चकत्या सहसा काचेच्याच असतात), आणि कोपऱ्यातला पांढरा फिल्टर काजळी धरल्यासारखा काळा झाला होता. ती काजळी म्हणजेच त्या माणसाची छायाचित्रे होती. तिथून पुढे कोणतीही प्रयोगशाळा काही करू शकत नाही.

योग्य पद्धत अशी आहे, की डिस्कमधून फाइली शोधायच्या नाहीत, तर आधी तिची सेक्टर-दर-सेक्टर (सेक्टर म्हणजे माहिती साठवण्याचा सर्वांत लहान कप्पा) प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, दुसऱ्या निरोगी डिस्कवर घ्यायची आणि पुढचे सगळे उद्योग त्या प्रतीवर करायचे. टकटक नसेल, फक्त बॅड सेक्टर, म्हणजे वाचता न येणारे कप्पे, असतील, तर लिनक्सवरचे डीडीरेस्क्यू हे मोफत साधन पुरते. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलते, अडणाऱ्या जागा सोडून पुढे जाते, नंतर त्या जागांकडे लहान लहान तुकड्यांत परत येते आणि कुठे काय झाले याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. तुमच्या डिस्कला मात्र हे लागू नाही. तिला त्याच मॉडेलची दुसरी डिस्क, म्हणजे डोनर, शोधून तिचे हेड धूळमुक्त हवेत बसवावे लागण्याची शक्यता अधिक आहे. चार हेडांपैकी एकच गेले असेल, तर आम्ही उरलेल्या तिघांचा भाग आधी वाचून घेतो आणि मगच उघडायचे की नाही ते ठरवतो. डिस्कच्या खालचा सर्किट बोर्ड बदलून पाहण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. आजच्या डिस्कमध्ये प्रत्येक नगाचे स्वतःचे मोजमाप बोर्डावरच्या रॉम नावाच्या चिपमध्ये असते, त्यामुळे ती चिप उचलून नव्या बोर्डावर लावल्याशिवाय नुसता बोर्ड सहसा चालत नाही. फ्रीजरमध्ये डिस्क ठेवण्याच्या सल्ल्याबद्दल एवढेच सांगतो, की बाहेर काढल्यावर चकतीवर दव धरते.

चकत्या शाबूत असतील, तर बाकी किती बिघडले याने फारसा फरक पडत नाही. २००३ मध्ये कोलंबिया अंतराळयान कोसळल्यानंतर त्याच्या अवशेषांत एका प्रयोगाची सीगेट डिस्क सापडली होती. बोर्ड जळालेला, प्लॅस्टिक वितळलेले आणि आत धूळ शिरलेली असूनही तिच्यातील जवळजवळ सगळी माहिती परत मिळाली आणि त्यावरचा शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

(एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क असती, तर उत्तर वेगळे झाले असते. तिथे पुसलेली फाइल ट्रिम या आज्ञेमुळे (ती रिकामी झालेली जागा साफ करायला सांगते) लवकरच खरोखर नष्ट होते.)

आता टेप. टेपच्या बाबतीत अडचण बहुधा टेपची नसून यंत्राची असते. नासाच्या लूनार ऑर्बिटर यानांनी १९६६-६७ मध्ये पाठवलेल्या चंद्राच्या प्रतिमांच्या टेप टिकून होत्या, पण त्या वाचणारे अ‍ॅम्पेक्सचे यंत्र जगात दुर्मिळ झाले होते. जपून ठेवलेली काही जुनी यंत्रे दुरुस्त करून २००८ मध्ये पहिली प्रतिमा परत मिळवण्यात आली. तुमचे काम त्यामानाने सोपे आहे. टेपवर ‘२०/४०’ असे छापले असेल, तर ती डीडीएस-४, म्हणजे डीडीएसची चौथी पिढी आहे. तिची खरी क्षमता २० जीबी, आणि ४० हा आकडा माहिती दाबून बसवल्यानंतरचा. डीडीएस-३ आणि डीडीएस-४ दोन्ही वाचणारा, त्यापुढच्या पिढीचा डॅट-७२ ड्राइव्ह जुन्या बाजारात अजून मिळतो. या टेपवर फिरत्या ड्रमने तिरप्या रेघांत लिहिलेले असते, त्यामुळे ज्या ड्राइव्हने लिहिले त्याचे हेड किंचित सरकलेले असेल, तर धडधाकट ड्राइव्हही ती टेप वाचत नाही. म्हणून संस्थेचा जुना ड्राइव्ह अडगळीत कुठे पडलेला असेल, तर तो भंगारात देऊ नका.

ड्राइव्ह मिळाल्यावर टेपची लेखनबंदीची खिटी आधी सरकवा. एखाद्या टेपच्या सुरुवातीला चुकून नवा बॅकअप लिहिला गेला, तर तिथे ‘माहिती संपली’ अशी खूण पडते आणि पुढचे जुने सगळे शाबूत असूनही साधा ड्राइव्ह त्या खुणेपलीकडे जायला नकार देतो. तो अडसर ओलांडायला विशेष फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतला त्याला चालवणारा प्रोग्रॅम) असलेला ड्राइव्ह लागतो आणि खर्च वाढतो. त्या काळी विंडोज सर्व्हरवर एनटीबॅकअप हा विंडोजबरोबर येणारा बॅकअप प्रोग्रॅम वापरत असतील, तर माहिती मायक्रोसॉफ्ट टेप फॉरमॅटमध्ये असेल. नव्या विंडोजचा बॅकअप टेपला हातच लावत नाही, त्यामुळे लिनक्सवर टेप जशीच्या तशी फाइलमध्ये उतरवून घ्यावी आणि उलगडण्याचे काम नंतर करावे.

तुम्ही कोकणातले आहात, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. कार्ट्रिजचे झाकण उचलून उजेडात टेपच्या कडा पाहा. पांढुरकी बुरशी दिसली, तर ती टेप ड्राइव्हमध्ये घालू नका, कारण हेड खराब होईलच आणि ती घाण पुढच्या चांगल्या टेपलाही लागेल. बाकीच्या टेप ज्या खोलीत वाचायच्या, तिथे आदल्या दिवशीच नेऊन ठेवा, ड्राइव्हमध्ये एकदा क्लीनिंग टेप फिरवा आणि जुन्या ड्राइव्हची परीक्षा घ्यायला पहिली टेप म्हणून गठ्ठ्यातली सर्वांत कमी महत्त्वाची निवडा.