'डा... उजवीकडे वळ!' ही चूक नक्की पकडली कोणी?

प्रश्न : रस्ता सांगताना मला 'उजवीकडे वळ' म्हणायचं असतं आणि तोंडातून 'डा... उजवीकडे' असं येतं. अख्खा 'डावीकडे' बाहेर पडलेलाच नसतो, मग चुकतंय हे मेंदूला कळतं कसं? आणि उलट कधीकधी मी पूर्ण वाक्य चुकीचं बोलते, मुलांची नावं अदलाबदल करते, आणि समोरचा हसेपर्यंत मला पत्ताच नसतो. असं का?

उत्तर : त्या 'डा' वरच सगळी गंमत आहे. आपल्याला वाटतं आपण आपलं बोलणं कानाने ऐकतो आणि चूक दिसली की थांबतो. पण हिशोब करून बघा, 'डा' म्हणायला सेकंदाचा पाचवा भाग पण लागत नाही, आणि ऐकायचं, ओळखायचं, अरे हे चुकलं असं ठरवायचं आणि मग चालू असलेलं तोंड थांबवायचं या सगळ्याला त्यापेक्षा बराच जास्त वेळ जातो. म्हणजे कानावर विसंबून राहिला असता तर 'डावीकडे' पूर्ण झाल्यावरच तुम्ही थांबला असता. तुम्ही 'डा' वर थांबलात याचा अर्थ चूक तोंडातून निघायच्या आधीच आत कुठेतरी पकडली गेली होती, फक्त ब्रेक लागायला जरा उशीर झाला.

विलेम लेव्हेल्ट नावाच्या डच भाषा-मानसशास्त्रज्ञाने 1980च्या दशकात हेच मांडलं, की बोलणं एकदम तयार होत नाही, आधी काय म्हणायचं ते, मग शब्द, मग त्या शब्दाचे आवाज, आणि शेवटी जीभ-ओठ-स्वरयंत्राच्या स्नायूंना ऑर्डर. साधं चित्र बघून त्याचं नाव सांगायला अर्ध्या सेकंदाच्या थोडं वर लागतं आणि त्यातला बहुतेक वेळ तोंड उघडायच्या आधीच जातो. आवाजांचा आराखडा तयार झाला की मेंदू तो आतल्या आत एकदा तपासतो, छापायला जायच्या आधी प्रूफ बघतात तसंच. (मनातल्या मनात बोलताना सुद्धा आपली जीभ घसरते आणि ते आपल्याला कळतं, करून बघा, मजा वाटेल.)

याचा एक भारी पुरावा आहे. मायकेल मोटली आणि बर्नार्ड बार्स या अमेरिकन संशोधकांनी लोकांना शब्दांच्या अशा जोड्या दिल्या की बोलताना पहिली अक्षरं अदलाबदल व्हावीत, म्हणजे आपल्याकडे 'पाणी तापव' चं 'ताणी पापव' होतं ना, तसं. काही जोड्या मुद्दाम अशा निवडल्या की अदलाबदल झाली तर चारचौघांत बोलू नये असा शब्द तयार होईल. ते शब्द तोंडातून कमी निघाले. पण खरी गोष्ट पुढेच आहे, ज्यांनी बरोबर उच्चार केला त्यांच्याही त्वचेवर घामाची, म्हणजे टेन्शनची प्रतिक्रिया वाढलेली दिसली. म्हणजे तो शब्द आत तयार झाला होता, पकडला गेला आणि दाबला गेला, आणि बोलणाऱ्याने काहीच चूक केली नव्हती! मला तर हा प्रयोग भयंकर आवडतो.

मेंदूच्या पुढच्या भागात, आतल्या बाजूला अँटीरियर सिंग्युलेट कॉर्टेक्स नावाची पट्टी आहे, तिचा या कामाशी संबंध आहे. माणूस चुकला की साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडमध्ये एक ठराविक लहर दिसते, आधी ती बटण दाबायच्या प्रयोगांत सापडली, नंतर बोलण्यातही.

आता तुमच्या मुलांच्या नावांचं. तिथे आवाज बरोबर असतात, शब्द खरा असतो, 'ताणी पापव' सारखं काही विचित्र वाटत नाही, त्यामुळे तपासणीतून ते सटकतं. शिवाय लक्ष वाक्याच्या पुढच्या भागात असतं, घाई असेल तर अजूनच. त्यात काळजीचं काही नाही, साध्या गप्पांत हजारेक शब्दांमागे एखादी चूक होतेच.

खरी काळजीची गोष्ट वेगळी असते. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी 1874 मध्ये वर्णन केलेल्या प्रकारच्या वाचाघातात (मेंदूला इजा होऊन भाषा बिघडते त्यात) माणूस सलग, नीट चालीत बोलतो, पण शब्दांना अर्थच नसतो आणि बऱ्याचदा त्याला स्वतःला ते कळतच नाही. असं अचानक कुणाचं झालं तर 'थकला असेल' म्हणून बसून राहायचं नाही, तो स्ट्रोक असू शकतो, लगेच हॉस्पिटल.

प्रश्न : मग कानाचं काहीच काम नाही का? कॉलवर माझाच आवाज उशिरा परत येतो तेव्हा माझी पार त त प प होते.

उत्तर : आहे की, चांगलंच आहे. बोलायची ऑर्डर सोडताना मेंदू 'आता असा आवाज येणार' याचा अंदाजही ऐकण्याच्या भागाकडे पाठवतो. जे ऐकू आलं ते अंदाजाशी जुळलं तर तो भाग शांत राहतो, म्हणून स्वतःच्या चालू बोलण्याला तो रेकॉर्डिंगपेक्षा कमी प्रतिसाद देतो. जुळलं नाही की लगेच दुरुस्ती सुरू. 1998 मध्ये हाउड आणि जॉर्डन या संशोधकांनी लोकांचे स्वर कानात पोचता पोचता थोडे बदलले, तर लोक नकळत उलट्या दिशेने उच्चार बदलायला लागले, आणि बऱ्याच जणांना आपण असं करतोय हे कळलंही नाही.

कॉलवर मात्र अंदाज आत्ताचा आणि आवाज मघाचा. साधारण 200 मिलिसेकंदांचा उशीर सगळ्यात वाईट, तेवढ्यात अक्षरं लांबतात, दोनदा येतात, वेग पडतो. बर्नार्ड ली यांनी हे 1950 मध्येच नोंदवलं. उलट तोतरं बोलणाऱ्या काही जणांना असाच उशिराचा आवाज ऐकवला तर बोलणं जास्त सलग होतं, त्यांच्यासाठी तशी उपकरणंही मिळतात. तुम्ही मात्र सरळ हेडफोन लावा, किंवा समोरच्याला स्पीकरचा आवाज कमी करायला सांगा, बहुतेक वेळा आवाज तिकडूनच परत येत असतो.