बसून चालवायची गवत कापायची मशीन सेल्फ मारल्यावर अर्धी फिरून अडकते, बॅटरी नवी टाकली, आता मेकॅनिक सेल्फ बदला म्हणतो. बदलू का?

नका बदलू भाऊ. आधी टॅपेट चेक करा, म्हणजे इंजिनचा व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातला गॅप.

आमच्या जळगावात एका संस्थेच्या ग्राउंडवर हीच मशीन, सिंगल सिलिंडर. उन्हाळाभर शेडमध्ये उभी आणि जूनचा पाऊस पडला की गवत गुडघ्याला. सेल्फ मारला की घर्रर्र करून मध्येच थांबायची. माझं टू-व्हीलरचं गॅरेज समोरच, मी तेव्हाच सांगितलं की टॅपेट ढिले झालेत, तर संस्थेचे एक भाऊसाहेब म्हणे तू मोटरसायकलवाला, तुला यातलं काय कळतं. कंपनीचा माणूस बोलावला, त्याने बॅटरी बदलली, मग सेल्फ बदलला, बिल लावलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन तिथेच अडकली.

मग मला बोलावलं. अशा इंजिनच्या कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) एक छोटा उंचवटा असतो, सेल्फ फिरताना तो व्हॉल्व्ह जरासा उचलून धरतो म्हणजे कम्प्रेशन, सिलिंडरमधल्या हवेचा दाब, थोडं निघून जातं आणि सेल्फला पिस्टन ढकलता येतो. टॅपेटचा गॅप वाढला की तो उंचवटा व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही, पूर्ण कम्प्रेशन सेल्फवर येतं, मग बॅटरी कितीही नवी असो. प्लग काढून सेल्फ मारला, मोकळा फिरला, म्हणजे सेल्फ चांगला. कव्हर खोललं, पिस्टन वर आणून पाव इंच खाली घेतला (अगदी टॉपला सेट केलं तर तोच उंचवटा मध्ये येतो आणि गॅप चुकतो), फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) लावून पुस्तकात दिलाय तेवढा गॅप ठेवला. पहिल्या सेल्फला चालू.

तर भाऊसाहेब म्हणे नवीन सेल्फ आता सेट झाला! सेल्फ काय सेट होत असतो? मी तिथल्या तिथे जुना सेल्फ परत बसवला, त्याच्यावरही पहिल्यांदाच चालू झाली, सगळ्या स्टाफने पाहिलं. तरी ते आजही नव्या सेल्फचंच नाव घेतात, कारण बिलावर सही त्यांची आहे. म्हणून म्हणतो, जो मेकॅनिक कव्हर न खोलता पार्ट लिहून देतो त्याला पैसे देऊ नका, मग तो शोरूमचा का असेना.

हां, हे फक्त अर्धं फिरून अडकत असेल तरच. नुसतं टिक वाजून काहीच फिरत नसेल तर टर्मिनल, अर्थिंग आणि सोलेनॉइड (सेल्फला करंट सोडणारा स्विच) बघा. छान फिरून पेटत नसेल तर टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, आपल्याकडच्या उन्हात ते उडून कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, चिकट थर बसतो. आणि प्लग काढून सेल्फ माराल तेव्हा प्लगची वायर बाजूला करून इंजिनच्या बॉडीला अर्थ करा, त्या भोकातून पेट्रोलची वाफ येते, ठिणगी पडली तर भडका उडेल.