समुद्रातील वीज डीसी का करतात?

प्रश्न : समुद्रातील पवनचक्क्या एसी (सतत दिशा बदलणारी) वीज देतात आणि किनाऱ्यावरील ग्रीडही एसीच असते. मग मध्येच ती डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करून पुन्हा एसी करण्याचा खटाटोप कशासाठी?

उत्तर : खटाटोप खराच, आणि अंतर कमी असेल तर तो कोणी करतही नाही. पवनचक्क्यांची वीज साधारणपणे ३३ किंवा ६६ किलोव्होल्टने समुद्रातील उपकेंद्रात गोळा होते आणि तेथे विद्युतदाब (व्होल्टेज) आणखी वाढवून केबलने थेट किनाऱ्यावर धाडली जाते. अडचण केबलच्या रचनेतच आहे. आतील वाहक, भोवतीचे निरोधक आवरण आणि त्यावरील धातूचे कवच मिळून लांबलचक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक) तयार होतो; एसीचा दाब दर सेकंदाला अनेकदा दिशा बदलत असल्यामुळे तो सतत भारित व विभारित होत राहतो, आणि त्यासाठी लागणारा प्रवाह केबलची क्षमता खाऊन टाकतो. अंतर साधारण ८० ते १०० किलोमीटरपलीकडे गेले की डीसी परवडू लागते, कारण स्थिर दाबाखाली हा प्रवाह जवळजवळ नाहीसा होतो.

रूपांतराचे काम आयजीबीटी हे अर्धवाहक स्विच करतात. त्यात थोडी ऊर्जा वाया जाते, शिवाय समुद्रातील रूपांतरण केंद्र अतिशय महाग पडते. मात्र हेच केंद्र पवनचक्क्यांच्या जाळ्याला आवश्यक दाब व वारंवारता पुरवते, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. ब्रिटनच्या डॉगर बँक या सागरी पवनऊर्जा प्रकल्पातून २०२३ पासून अशी वीज ±३२० किलोव्होल्ट डीसीने किनाऱ्यावर आणली जाते.