आजीला विचार, मग लिही

नागपूर

प्रिय बेटा,

तुझी कथा वाचली आणि लगेच पुन्हा वाचली. विषय मोठा धरलास. आपली एम्प्रेस मिल, म्हणजे ती कापडगिरणी, 1877 साली सुरू झाली, 2002 साली बंद पडली. सव्वाशे वर्षं या शहरातल्या कितीतरी घरांचा दिवस तिच्या पाळ्यांवर चालला. तुझे आजोबा तिथे मागावर कापड विणायचे, म्हणजे ही गोष्ट तुझ्या हक्काची आहे. म्हणूनच स्पष्ट लिहितो.

मिल बंद झाल्याची बातमी घरी येते तिथे तू लिहिलंस, 'आजोबांवर दुःखाचा डोंगर कोसळला. डोळ्यांतून अश्रू ओघळू लागले.' पुढे आजी रडते, मग बाबा, मग शेजारचे काका. माझे डोळे मात्र कोरडेच राहिले, आणि मला तर रडायचं होतं.

मनातलं अंगावर कसं उमटतं ते भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भावांत सांगितलंय: स्तंभ (जागीच थिजणं), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभंग (आवाज बदलणं), वेपथू (थरथर), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणं), अश्रू, प्रलय (शुद्ध हरपणं). अश्रू त्या आठांतला एक. तुझ्या आजोबांसाठी मला त्यातला स्वरभंग फार मोलाचा वाटतो. मागांच्या खात्यात खडखडाट एवढा, की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. तिथे जन्म काढलेली माणसं घरीही मोठ्यानंच बोलतात, कानही मंद झालेले असतात. मग पहिल्या पानापासून आजोबांना चढ्या आवाजात बोलू दे, ताटात मीठ मागतानासुद्धा. नंतर ती बातमी येते. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या पाळीच्या वेळेलाच उठतात, आंघोळ करतात, शर्टाची बटणं लावून पलंगाच्या काठावर बसतात.

'काऊन उठले जी इतक्या लवकर?'

'जाग आली.'

आजीला ते ऐकूच जात नाही. ती पुन्हा विचारते.

इथेच थांब. दुःख हा शब्द कुठेही लिहू नकोस.

आणि एकटं दुःख तरी कुठे असतं? त्याच नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भाव आहेत, मूळ भावाच्या सोबतीनं येणारे आणि जाणारे. त्यात चिंता आहे, लाज आहे, गर्व आहे, झोपसुद्धा आहे. कामावर न जाणाऱ्या माणसाला दुपारी गाढ झोप लागते आणि उठल्यावर बायकोकडे बघायची लाज वाटते. हे तुझ्या कथेत आलं तर आजोबा खरे होतील.

आता भाषेचं. घरात तुम्ही 'मले', 'तुले', 'करून राहिलो' असं बोलता आणि कथेत आजी 'अहो, आपण इतके उदास का आहात?' असं विचारते. माझा जीव तुटला ते वाचून. आपली बोली विनोदासाठी आणि गडीमाणसांच्या तोंडी ठेवायची, आणि गंभीर प्रसंग आला की पुस्तकी व्हायचं, ही सवय मला अजिबात मान्य नाही. आजीचं सगळ्यात खोल दुःख तिच्या बोलीतच येणार. निवेदन प्रमाण भाषेत ठेवलंस तरी चालेल, पण एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तसंच ने. आजोबा रागावले की हिंदीत बोलत असतील, नागपुरात पुष्कळ जण बोलतात, तर त्यांना हिंदीतच भांडू दे.

तर्री पोहे, झिरो माईल, फुटाळा तलाव, ही नागपूरची सगळी ओळख एका परिच्छेदात कोंबलीयस, ती काढ. आजोबा जिथे गेले नाहीत ती ठिकाणं कथेला नकोत.

सगळ्यात महत्त्वाचं काम अजून बाकी आहे. तुझ्या जन्माच्या आसपासची ही हकिगत, तू ऐकलेली. तर नीट ऐक. आजीला 'तेव्हा कसं वाटलं?' असं विचारू नकोस, 'वाईट वाटलं' एवढंच उत्तर मिळेल. विचार, की दुसऱ्या दिवशी स्वयंपाक काय केला? मिलमध्ये न्यायचा डबा पुढे कशाला वापरला? किराणावाल्याला कोणी सांगितलं, आणि तो काय म्हणाला? उधारी लिहायची वही कोणाच्या हाती होती? आजी बोलता बोलता मधेच भाजी निवडायला घेईल, विषय बदलेल. तिथे गप्प बस आणि ती कुठल्या शब्दापाशी थांबली ते घरी येऊन लिहून ठेव.

शेवटी मिलच्या जागेवरच्या मॉलसमोर आजोबांना उभं करून तू त्यांच्याकडून काळावर भाषण करवलंस. ते भाषण तुझं आहे, त्यांचं नाही. ते पान फाडून टाक.

नवा खर्डा झाला की आधी आजीला मोठ्यानं वाचून दाखव. 'असे नव्हते बोलत ते' असं ती जिथे म्हणेल तिथे समासात खूण कर. मग त्या खुणांसकट माझ्याकडे पाठव, स्वच्छ प्रत करत बसू नकोस.

तुझा,
काका