यकृताच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर ‘पाच वर्षं जगण्याची शक्यता ५८ टक्के’ असं आलं, तर त्यावर किती भरवसा ठेवावा?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना सिरॉसिस (लिव्हर व्रणांमुळे निबर होणं) होताच, आता लिव्हरमधली गाठ काढली आहे, आणि त्यांची माहिती एका वेबसाइटवर भरल्यावर हा आकडा आला. मी अशा रुग्णांचा ऑपरेशननंतरचा पाठपुरावा करणारा डॉक्टर आहे. माझा पहिला प्रश्न हा, की भरलेली माहिती ऑपरेशनच्या आधीची होती की नंतरची?

यावर बरंच अवलंबून आहे. गाठीच्या पेशी आसपासच्या बारीक रक्तवाहिन्यांत शिरल्या आहेत का (मायक्रोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन), हे स्कॅनमध्ये खात्रीने दिसत नाही. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच ते कळतं, आणि आजार परतण्याचा अंदाज त्याने खूप बदलतो. म्हणून आधी बायोप्सीचा अंतिम रिपोर्ट हाती घ्या. ही नोंद, गाठींची संख्या, आकार आणि कापलेली कड कॅन्सरच्या पेशींपासून मोकळी आहे का, एवढं त्यात बघा.

सिरॉसिस असलेल्या रुग्णाला खरं तर दोन आजार असतात, कॅन्सर आणि खराब झालेलं लिव्हर. पहिल्या काही आठवड्यांत धोका मुख्यतः दुसऱ्याचा. २००५ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एक साधा निकष मांडला: ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी प्रोथ्रॉम्बिन (रक्त गोठण्याची क्षमता दाखवणारी तपासणी) ५० टक्क्यांच्या खाली आणि बिलिरुबिन (काविळीत वाढणारा रक्तातला घटक) लिटरमागे ५० मायक्रोमोलच्या (डेसिलिटरमागे साधारण ३ मिलिग्रॅमच्या) वर, असं दोन्ही असेल तर निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात. वडील त्या टप्प्यातून बाहेर पडून घरी आले असतील, तर ती भीती बरीचशी मागे पडली.

पुढची काळजी आजार परतण्याची. ती खोटी नाही, आणि मी ती सौम्य करून सांगणार नाही. पाच वर्षांत ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांमध्ये कॅन्सर पुन्हा दिसतो. पहिल्या दोन वर्षांत दिसला तर तो बहुधा जुन्याच गाठीचा मागे राहिलेला अंश असतो. त्यानंतरचा अनेकदा सिरॉसिसच्या लिव्हरमध्ये नव्याने झालेला. पण परत दिसणं म्हणजे सगळं संपलं असं नाही. वेळेत सापडला तर पुन्हा ऑपरेशन, अ‍ॅब्लेशन (सुईने उष्णता देऊन गाठ जाळणं), काहींच्या बाबतीत प्रत्यारोपणही होऊ शकतं. त्यासाठीच सुरुवातीची दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी स्कॅन आणि एएफपीची (लिव्हरच्या कॅन्सरमध्ये अनेकदा वाढणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाची) तपासणी चुकवायची नाही.

५८ टक्के म्हणजे वडिलांसारख्या शंभर जणांपैकी अठ्ठावन्न. त्यांत वडील असतील की नाही, हे कुठलंच गणित सांगू शकत नाही. शिवाय ते शंभर जण कोण होते तेही बघावं लागतं: हेपॅटायटिस बी असलेल्या रुग्णांवरून बांधलेलं गणित दारूमुळे किंवा चरबीमुळे लिव्हर खराब झालेल्या माणसाला तसंच्या तसं लागू पडत नाही. आणि हा आकडा स्थिरही नसतो. दोन वर्षं स्कॅन स्वच्छ आले, तर पुढचा अंदाज आजच्यापेक्षा बहुधा चांगला निघेल. तेव्हा हिशोब पुन्हा करून घ्या, आजचाच धरून बसू नका.

सिरॉसिस कशामुळे झाला ते तुम्ही लिहिलेलं नाही. हेपॅटायटिस बी असेल आणि व्हायरसवरच्या गोळ्या सुरू नसतील, तर याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा. त्या गोळ्यांनी आजार परतण्याचा धोका कमी होतो. दारू असेल तर ती आजपासून बंद.